तिसऱ्या रांगेतला राखाडी कोट

१७ जानेवारी १९८३, सोमवार

या वहीतलं शेवटचं पान नोव्हेंबर १९८१ मधलं आहे, सेल्विनच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशीचं. त्यावर एकच ओळ आहे: "पाऊस होता, पण भजनं चांगली झाली." पुढची पानं कोरी. इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल माफी मागावीशी वाटते, पण कोणाची? वही माझी, वाचणारीही मीच. तरी मागते. लिहिणं सोडलं की माणूस स्वतःला काहीही सांगायला मोकळा होतो, आणि वर्षभर मी तशी मोकळी होते.

आज संध्याकाळी चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये नाट्य मंडळाची बैठक झाली. विषय एकच होता: आमच्या रिदवेन गावचं मंडळ चालू ठेवायचं की बंद करायचं. सेल्विन गेल्यापासून आम्ही एकही नाटक उभं केलेलं नाही. ऑल्वेन म्हणाली, "ते नवीन वेल्श चॅनेल आल्यापासून अर्धं गाव सोफ्यावरून उठत नाही. आपण बंद झालो तर लोकांना उन्हाळ्यापर्यंत पत्ताही लागायचा नाही." ती अडुसष्ट वर्षांची आहे. बेकरी विकून टाकली, पण जीभ विकलेली नाही.

शेवटी ठरलं ते असं. सेल्विननी लिहिलेलं शेवटचं नाटक, 'खिडकी', जे त्यांच्या जाण्यामुळे तालमीतच राहिलं, ते फेब्रुवारीत जिल्ह्याच्या स्पर्धेत करायचं. अंतिम फेरीत गेलो तर मंडळ राहील. नाहीतर एक मार्चला, वेल्सचे संत देवी यांच्या दिवशी, गावासाठी शेवटचा प्रयोग करायचा आणि पडदा शाळेला देऊन टाकायचा.

दिग्दर्शन कोण करणार, यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"'नेस्टा कुजबुज' करेल," ऑल्वेन म्हणाली. "तिला प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य पाठ आहे. मला माझीही नसतात."

आमच्याकडे माणसाला त्याच्या कामावरून नाव पडतं. सेल्विन प्यू सगळ्या खोऱ्यात 'सेल्विन नाटक' होते. मी वीस वर्षं त्यांची प्रॉम्प्टर, म्हणून 'नेस्टा कुजबुज'. शाळेत पोरांना वेल्श शिकवते त्यावरून नाव पडलं नाही, याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

मी हो म्हटलं. का म्हटलं ते तपासून पाहिलं पाहिजे. मंडळासाठी, असं मी तिथे म्हणाले. मी आजवर कधी काही दिग्दर्शित केलेलं नाही. मला जमतं का, हे मलाच बघायचं आहे, हे जास्त खरं.

२२ जानेवारी, शनिवार

नाटकात माणसं दोनच, ह्यू आणि त्याची आई. खाणीतल्या मोठ्या संपाचा काळ. घरोघरी खिडकीत कागदी पाटी लावलेली, की या घरात कोणी फितूर नाही. एक सकाळ अशी येते की ह्यूचा मुलगा संप मोडून कामावर परत जातो. त्या दिवशी ह्यूला खिडकीतली पाटी काढायची असते, आणि त्याची आई टेबलापाशी बसून त्याच्याकडे बघत असते. बस, एवढंच नाटक.

आई ऑल्वेन. तालमीच्या वेळीही तीच होती. ह्यू तेव्हा स्वतः सेल्विन करत होते. आता मी गेथिनला घेतलं. मुद्दाम घेतलं. तो पंधरा वर्षं लिव्हरपूलला होता, गेल्या उन्हाळ्यात परत आला, घरांची स्लेटच्या दगडाची छपरं दुरुस्त करतो. त्यानं सेल्विनना या भूमिकेत पाहिलेलंच नाही. मला नक्कल नको आहे. मी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, "तुला सुचेल तसं कर. मी फक्त समोर बसेन."

"हो, मिस," तो म्हणाला. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी तो माझ्या वर्गात होता.

"अडतीस वर्षांचा घोडा आणि मिस म्हणतोस," ऑल्वेन म्हणाली. "वही तपासायला आणलीस का?"

"राहिली घरी, मावशी. कुत्र्यानं खाल्ली."

आमच्या हॉलला विंग नाहीत. त्यामुळे प्रॉम्प्टर रंगमंचाच्या खाली, अगदी समोर, बुटक्या स्टुलावर बसतो. प्रेक्षकांना त्याची पाठ दिसते, नटांना तोंड. दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून दोन्ही कामं मीच करणार आहे.

२९ जानेवारी, शनिवार

हॉलमधला रॉकेलचा हीटर धूर फार सोडतो, ऊब कमी देतो. मी सेल्विनचा राखाडी कोट घालून बसते. नाताळाआधी डिलिसनी, त्यांच्या बायकोनं, तो मला दिला होता. "घरात खुंटीवर बघवत नाही, आणि कोणा परक्याला द्यावासा वाटत नाही," म्हणाल्या. बाह्या लांब आहेत. खिशात ज्येष्ठमधाच्या गोळ्या होत्या, त्या संपल्यावर मी तसल्याच आणून भरल्या. घसा नोव्हेंबरपासून धरलेलाच आहे.

आज एक गोष्ट घडली, ती जशी घडली तशी लिहून ठेवते. दुसरा प्रवेश चालू होता. गेथिन बोलत होता, ऑल्वेन विणत होती. मला तिसऱ्या रांगेतून सेल्विनचा खोकला ऐकू आला. छोटा, कोरडा, शेवटी जरा गिळलेला. नट खोटं बोलायला लागला की ते तसे खोकायचे. मी मागे वळून पाहिलं. कडेची त्यांची खुर्ची रिकामी होती.

"काय झालं?" ऑल्वेननं विचारलं.

"काही ऐकलंस का?"

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "ऐकलं की," ती म्हणाली आणि टाके मोजायला लागली.

म्हणजे तिनंही ऐकलं. मला बरं वाटलं की भीती वाटली, हे घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.

३ फेब्रुवारी, गुरुवार

आज त्याहून विचित्र. शेवटचा प्रवेश पहिल्यांदाच पुस्तक न घेता केला. ह्यू खिडकीपाशी जातो. संहितेत एवढंच लिहिलंय: "पाटी काढतो." सेल्विन ते कसं करायचे, हे जगात फक्त मला आणि ऑल्वेनला माहीत आहे. ते आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे, डावा हात पडद्यावर ठेवायचे आणि थांबायचे. इतके थांबायचे की आपल्याला उठून जाऊन त्यांचा हात हलवावासा वाटायचा. मग तो खोकला. मग पाटीची घडी करून बंडीच्या आत, छातीशी.

गेथिननं आज हेच केलं. डावा हात. तेवढंच थांबणं. तोंडानं खोकला नाही एवढंच, पण खोकला जिथे यायचा तिथे त्याचे खांदे हलले.

मी विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, मिस. आपोआप आलं." तो माझ्याकडे असा बघत होता की जणू प्रश्न त्यानं विचारायला हवा होता.

"आपोआप," ऑल्वेन म्हणाली. "या गावात आपोआप फक्त गंज येतो."

तिला काही तरी सुचवायचं होतं, पण हीटरचा भडका उडाला आणि विषय राहिला. मी काय सुचवलं होतं ते आठवून बघते. डाव्या बाजूनं जा, असं मंगळवारी म्हणाले होते, कारण उजवीकडे टेबल येतं. घाई करू नकोस, असंही म्हणाले होते. कोणत्याही दिग्दर्शकानं सांगितल्या असत्या त्या गोष्टी. बाकी सगळं त्याचं. की त्याचं नाही?

मी भुतंखेतं मानत नाही. आबरिस्टविथच्या विद्यापीठात तीन वर्षं शिकले ते उगाच नाही. पण या माणसानं सेल्विनना या भूमिकेत पाहिलेलं नाही, आणि ते त्याच्यात आहेत. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

६ फेब्रुवारी, रविवार

चॅपलनंतर डिलिसकडे गेले. पूर्वी दर रविवारी जायचे. गेल्या महिन्यापासून त्या काही ना काही सांगून टाळतात. आज न विचारताच गेले. फाटकापासून घरापर्यंतची वाट चढाची आहे, वर पोचेपर्यंत मला धाप लागते. दार उघडलं तेव्हा डिलिसचा चेहरा पांढरा पडलेला होता. टेबलावर चहाचे दोन कप मांडलेले, त्यातला एक सेल्विनचा, कान तुटलेला. मला पाहिल्यावर तो त्यांनी उचलून ठेवला आणि माझ्यासाठी दुसरा काढला.

लोण्याबरोबर मनुकांचा पाव खाल्ला. नाटकाबद्दल त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, की गेथिनच्या अंगात सेल्विन उतरतात असं वाटतं. त्या बराच वेळ पावाचा चुरा बोटानं गोळा करत राहिल्या.

मग म्हणाल्या, "नेस्टा, एक मागू? पुढच्या वेळी मागच्या दारानं येत जा. परसातून."

"का हो?"

"समोरच्या वाटेनं नको. मला सहन होत नाही."

खालच्या पायऱ्या निसरड्या झाल्या आहेत, मी पडेन म्हणून म्हणत असतील असं घरी येताना वाटलं. पण "मला सहन होत नाही" म्हणाल्या. ते पायऱ्यांना लागू होत नाही. माझं आणि सेल्विनचं नाव जोडून गाव बोलायचं, त्यावरून आमच्या दोघींत पूर्वी एक दुरावा होता. तसलं काही कधीच नव्हतं, हे डिलिसना माहीत आहे. मी त्यांची वाक्यं सांभाळत होते, एवढंच. ते परत उकरून निघालं असेल का?

९ फेब्रुवारी, बुधवार

स्पर्धेच्या माहितीपत्रकासाठी लेखकाबद्दल अर्धं पान हवं आहे. तीन दिवस लिहितेय.

"सेल्विन प्यू, जन्म रिदवेन. वडील खाणीत. चौदाव्या वर्षी गावच्या नाट्यस्पर्धेत म्हाताऱ्याची भूमिका केली. परीक्षकांनी रंगमंचावरून सर्वांदेखत सांगितलं की मुलगा चांगला आहे, पण दाढी त्याच्यापेक्षा चांगली आहे. पुढे लंडनला गेले. आठ वर्षं इंग्रजी नाटकांत विनोदी वेल्श नोकर, विनोदी वेल्श दूधवाला आणि एकदा विनोदी वेल्श प्रेत अशा भूमिका केल्या. सदतिसाव्या वर्षी परत आले. अकरा नाटकं लिहिली, चाळीसच्या वर बसवली. टीव्हीवाले दोनदा दारात आले, दोनदा चहा पिऊन गेले."

ऑल्वेनला वाचून दाखवलं. ती हसली, मग म्हणाली, "हे तू नाही लिहिलंस."

"मग कोणी?"

"हे त्याचे किस्से आहेत. त्याच्याच शब्दांत. प्रेत म्हणताना तू थांबलीससुद्धा तिथेच, जिथे तो थांबायचा." ती चष्मा पुसत राहिली. "तुला स्वतःला काय म्हणायचंय ते लिही ना, पोरी."

मी प्रयत्न केला. मला म्हणायचं असलेलं एकही वाक्य आलं नाही. शेवटी आहे तेच पाठवलं.

१२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी एकटीच हॉलवर गेले, खिडकीची चौकट रंगवायला. गेथिननं ती सुंदर बनवली आहे, जुन्या छपराच्या लाकडातून. बाहेर चारलाच अंधारून आलं. वारा खाणीच्या ढिगाऱ्यावरून उतरतो तेव्हा छपरातली एखादी स्लेट हलते, त्याचा आवाज दात वाजल्यासारखा येतो.

मी चौकटीत उभी राहिले. डावा हात पडद्यावर ठेवला. कशासाठी, माहीत नाही. मला बघायचं होतं की तिथून काय दिसतं. काहीच दिसत नाही. मागे लाकडाची फळी आहे.

आणि खोकला आला. जवळून आला. अगदी मानेपाशी.

मी "सेल्विन?" म्हणाले. म्हणाले हे लिहिण्याची लाज वाटते, पण म्हणाले. श्वास रोखून उभी राहिले. पुन्हा आला नाही. ब्रश धुतला, कोटाची कॉलर वर केली, घरी आले. खिशातल्या गोळ्या संपल्या आहेत.

मी घाबरलेली नाही. याच गोष्टीची भीती वाटते.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

वाईट तालीम. गेथिन मध्येच थांबला आणि म्हणाला, "मिस, तुम्ही जरा मागे बसाल का?"

मला वाटलं, नवखा आहे, अगदी समोर कोणी असलं की दडपण येत असेल. मी स्टूल सोडलं आणि मागे गेले. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची होती, बाकीच्यांवर चादरी घातलेल्या होत्या. तिथे बसले. आम्ही पुढे सुरू केलं.

थोड्या वेळानं तो परत थांबला. "अजून मागे?"

"अरे, अजून मागे म्हणजे बाहेरच की."

"हो," ऑल्वेन म्हणाली. "बाहेर छान हवा आहे. नेस्टा, एक दिवस आम्हाला एकट्यांना करू दे. तू घरी जा, केस धू, ते चॅनेल बघ."

"म्हणजे मी नको आहे?"

"तसं नाही गं. तू खूपच आहेस."

हे मला लागलं. वीस वर्षं मी हिच्या प्रत्येक विसरलेल्या शब्दाला जागी राहिले. हिला दिग्दर्शन हवंय का? हा विचार क्षुद्र आहे, तो मनात आला म्हणून लिहितेय. मी म्हणाले, स्पर्धा आठ दिवसांवर आलीय, मी कुठेही जाणार नाही. गेथिननं खांदे पाडले, पायानं जमीन चाचपली, जणू छपरावर उभा आहे, आणि पुढचं वाक्य घेतलं. छान घेतलं. सेल्विनसारखं. त्याच्याकडे बघताना माझे डोळे भरून आले. एवढं होतंय तर हे चूक कसं असेल?

२६ फेब्रुवारी, शनिवार

स्पर्धा झाली. अंतिम फेरी नाही. आज लिहिता येणार नाही.

२८ फेब्रुवारी, सोमवार

लिहायलाच हवं.

टाउन हॉल भरला होता. तिथे विंग आहेत, पण मी आत बसायला नको म्हणाले. तिसऱ्या रांगेत कडेला बसले. गेथिन एकदाही अडखळला नाही. खिडकीपाशी तो थांबला तेव्हा हॉलमध्ये कोणी हललं नाही. माझ्या शेजारची अनोळखी बाई मात्र माझ्याकडेच बघत होती. ती रडतेय का बघावं म्हणून मी वळले, तर ती रडत नव्हती.

मग परीक्षक रंगमंचावर आल्या. आमच्याकडे निकाल बंद खोलीत देत नाहीत, सगळ्यांसमोर उभं राहून, कारणं सांगून देतात. मिसेस टेमर बोवेन, दक्षिणेकडच्या. त्यांचं वेल्श ऐकून मागच्या बाकांवर कोणी तरी खुसखुसलं. त्या म्हणाल्या, "हसा, हसा. तुमचं आम्हाला रेडिओ खरखरल्यासारखं वाटतं." लोक मोकळे झाले. बाकीच्या दोन नाटकांबद्दल त्या गोड बोलल्या. मग आमच्या नाटकावर आल्या.

त्या जे म्हणाल्या ते मला शब्दशः आठवतं. शब्द लक्षात ठेवणं हेच तर माझं काम.

"वडिलांची भूमिका आज दोघांनी केली. एक वर होते. दुसऱ्या बाई खाली तिसऱ्या रांगेत, राखाडी कोटात बसल्या होत्या. माझं टेबल बाजूला असल्यामुळे मला दोघं दिसत होते. आधी त्यांचे ओठ हलायचे, मग वरून वाक्य यायचं. त्यांनी हात उचलला की वर हात उचलला जायचा. खिडकीपाशी सगळं थांबलं, तेव्हा त्या खोकल्या, आणि त्या खोकल्यावर नाटक पुढे सरकलं. मी तरुणपणी कार्डिफला सेल्विन प्यूंचं काम पाहिलंय. आज ते पुन्हा पाहिलं, अगदी हुबेहूब. मला भरून आलं. पण मी इथे जिवंत माणसांना गुण द्यायला आले आहे, आणि त्या तरुणाला आज कोणी जागाच दिली नाही."

लोक हसायला लागले होते, मग थांबले. सगळ्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बसमध्ये ऑल्वेननं माझ्या मांडीवर तिचं विणकाम ठेवलं, "धर जरा," म्हणून, आणि मी सुया धरून बसले रिदवेन येईपर्यंत.

काल स्वयंपाकघरात उभी राहून मी मुद्दाम खोकले. तोच. छोटा, कोरडा, शेवटी जरा गिळलेला.

डिलिसच्या घराची चढाची वाट आठवली, तिथे धाप लागली की मी खोकते. दोन कप आठवले. मागचं दार आठवलं.

मागची पानं वाचली. सगळं तिथे आहे, माझ्याच अक्षरात. २९ जानेवारीला ऑल्वेन "ऐकलं की" म्हणाली तेव्हा ती खुर्चीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. गेथिननं दोनदा मागे जायला सांगितलं आणि मी जाऊन सेल्विनच्या जागेवर बसले. १२ तारखेच्या दुपारबद्दल मात्र अजून खात्री वाटत नाही. मानेपाशी आला, असं लिहिलंय. माझी मान, माझाच घसा. तरी खात्री नाही, आणि खोटी खात्री लिहिणार नाही.

आज दुपारी गेथिन आला. दारातच टोपी काढून उभा राहिला.

"मिस, मी आधीच बोलायला हवं होतं."

"का नाही बोललास?"

"छान दिसत होतात तुम्ही," तो म्हणाला. "म्हणजे, काम करताना. मी कधी कोणाला तसं बघितलं नव्हतं. बघत राहिलो की मला पुढचं कळायचं, म्हणून बघत राहिलो." त्यानं टोपी गोल फिरवली. "उद्याचा प्रयोग आहे. शेवटचाच. तुम्ही बसाल तिथे मी बघणारच. सवय झाली."

मी म्हणाले, "मी चहाच्या खोलीत असेन. दार लावून."

"वाक्य विसरलो तर?"

"तर विसर," मी म्हणाले. वीस वर्षांत हे मी कोणाला म्हटलेलं नाही.

१ मार्च, मंगळवार, संत देवीचा दिवस

हॉल भरला होता. लीकची कांदापात घातलेल्या मटणाच्या रश्शाचा वास, पोरींच्या काळ्या उंच टोप्या, कोटांना टोचलेली पिवळी डॅफोडिलची फुलं. शेवटचा प्रयोग म्हणून लोक आले, की परीक्षकांची गोष्ट खोऱ्यात पसरली म्हणून, सांगता येत नाही. डिलिससुद्धा आल्या. सेल्विन गेल्यावर पहिल्यांदाच. मी त्यांना दुरून पाहिलं आणि चहाच्या खोलीत गेले. कोट खुंटीला अडकवला. दार लावून घेतलं.

दारातून शब्द येतात, चेहरे येत नाहीत. पहिला प्रवेश मी हातांवर बसून ऐकला, कारण ते हलत होते. ओठांवर ओले कप पुसायचं फडकं धरलं. हे कोणी पाहिलं असतं तर. दुसऱ्या प्रवेशात गेथिन एक वाक्य विसरला. मला ते येत होतं. सगळं शरीर त्या वाक्याच्या बाजूला झुकलं. बाहेर शांतता. मग ऑल्वेनचा आवाज आला, "बोलू नकोस मग. चहा पी." हे नाटकात नाही. लोक हसले, आणि ते हसू ह्यूच्या घरातलं होतं.

शेवटचा प्रवेश. त्याची पावलं खिडकीकडे गेली. मी वाट पाहायला लागले.

तो थांबलाच नाही. फाडल्यासारखा एक आवाज आला, चटकन, फुटकी स्लेट उपटून काढावी तसा. आणि मग पावलं. खिडकीपासून टेबलापाशी, टेबलापासून चुलीकडे, परत. खूप वेळ. हा माणूस काय करतोय ते मला कळेना. वीस वर्षांत पहिल्यांदा पुढे काय होणार हे मला माहीत नव्हतं. शेवटी काहीतरी जड टेबलावर टेकवल्याचा आवाज झाला. मग शांतता. ती शांतता माझ्या ओळखीची नव्हती. मी तिच्यात खोकला शोधला. नव्हता.

तेव्हा मला कळलं की सेल्विन वारले आहेत.

टाळ्या बऱ्याच उशिरा आल्या. मी फडकं पिळत बसले होते. ऑल्वेन चेहऱ्यावरचा रंग तसाच ठेवून आत आली आणि कपांचा ट्रे ओढला.

"काय केलं त्यानं?" मी विचारलं. "पाटीचं काय केलं?"

"काढली, आणि त्याला कुठे ठेवावी कळेना. घरभर घेऊन हिंडला. चुलीत टाकवेना, खिशात घालवेना. माझा जीव कासावीस झाला. शेवटी मी किटली उचलली, त्यानं पाटी खाली सरकवली, मी वर किटली ठेवली."

"हे तुम्ही ठरवलं होतं?"

"अगं, तालीम कधी करू दिलीस?" ती म्हणाली. मग माझ्या गालाला ओल्या हातानं चिमटा काढला. "चांगलं होतं, पोरी. सेल्विनलाही आवडलं नसतं, इतकं चांगलं होतं."

मंडळाचे अध्यक्ष पडद्याबद्दल काही बोलले नाहीत. कोणी तरी म्हणालं, शाळेत तो टांगायला कड्याच नाहीत. दुसरं म्हणालं, आधी धुवायला टाकू, मग बघू. आशा धरण्याइतकं माझ्याकडे काही उरलेलं नव्हतं, आणि नाही म्हणण्याइतकंही.

डिलिस सगळ्यांच्या शेवटी आत आल्या. खुंटीवरचा कोट बघितला, पण हात लावला नाही.

"मी पूर्ण वेळ वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "आला नाही."

"नाही," मी म्हणाले. "मीही बघत होते."

"दर वेळी मला माहीत असायचं गं, तू आहेस म्हणून. तरी कप दोन मांडायचे." त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या. चहा घेतला नाही. मग म्हणाल्या, "तो कोट आणून दे मला. आता खुंटीवर चालेल."

त्या एकट्या घरी गेल्या. मी कप धुतले, हीटर बंद केला आणि कोट अंगात न घालता हातावर टाकून चालत आले. थंडी वाजली. घसा दुखतोय. माझाच घसा.

उद्या: खिसे रिकामे करून कोट डिलिसकडे नेऊन देणे. समोरच्या दारानं.